ऑनलाइन घेतलेला बागकामाचा स्वस्त सेट: सिकेटर (छाटणीची कात्री) फांदी कापत नाही, चेचते

कोथरूडची गच्ची:
गच्चीवर गुलाब, जास्वंद, मोगरा आणि मोठ्या ड्रमात कढीपत्ता आहे. दिवाळीआधी ३९९ रुपयांचा तीन नगांचा सेट मागवला: सिकेटर, हातखुरपं, काटा. खोक्यावर ‘एसके५ स्टील’ आणि खाली ‘मेड इन चायना’. जास्वंदीची करंगळीएवढी फांदी घेतली, तर पाती एकमेकांपासून फाकली आणि फांदी मध्येच दुमडली. साल लोंबत राहिली. गुलाबाचं तर जास्त वाईट वाटलं. चेचलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत चालली आहे. खुरप्याची मान कुंडीतल्या साध्या लाल मातीत वाकली. पैशांपेक्षा झाडांना झालेल्या इजेचा राग येतो. हजाराच्या आत खात्रीचं काय मिळेल? आणि दुकानात पारखायचं कसं?

टूलरूमवाला, पिंपरी:
एसके५ हे हत्यारांचं पोलाद. खरं असेल तर त्यात ०.८ ते ०.९ टक्के कार्बन असतो आणि हार्डनिंग (तापवून कडक करणं) नीट झालं तर धार टिकते. पात्याच्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवून बघा. घसरली तर पातं कडक आहे, सहज चावली तर मऊ. मऊ पात्याला कितीही धार लावा, दोन गुलाबांत जाते. दुकानात कानस कोणी चालवू देणार नाही, तिथे मधला सांधा बघा. नट-बोल्ट हवा, म्हणजे पाती फाकली की आवळता येतात. रिव्हेट असेल तर तिथेच ठेवून द्या.

निफाडचा द्राक्षवाला:
ताई, ऑनलाइन शोधू नका. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी सगळी सिकेटरवरच होते, त्यामुळे इथल्या कृषी सेवा केंद्रात सुटं पातं आणि स्प्रिंग मिळणारंच सिकेटर खपतं. स्पेअर मिळतात का, हे आधी विचारा. रोगट फांदी कापली की पातं स्पिरिटने पुसा. वाळत चाललेला गुलाब काळ्या भागाच्या खाली, हिरव्या जिवंत लाकडात, डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर तिरका कापा.
खुरपं मात्र लोहाराकडूनच घ्या, ट्रकच्या कमानपाट्याचं (चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं). बोथट झालं की शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार काढून, मिळतं.

कोथरूडची गच्ची:
कानस लावून बघितली. लोण्यासारखी चावली. सेट परत पाठवतेय, कारणात ‘पातं मऊ, खोक्यावरचा दावा खोटा’ असं स्पष्ट लिहिलंय. निफाडकर, कमानपाट्याचं खुरपं बाजारात ओळखायचं कसं?

निफाडचा द्राक्षवाला:
लोहारालाच विचारा, लपवत नाहीत. पत्र्याच्या खुरप्यापेक्षा ते हाताला जड लागतं, आणि त्याचा दांडा आणि पातं एकाच तुकड्यातून ठोकलेलं असतं, मानेला वेल्डिंग नसतं.