मदत हवी आहे : पीएचडीच्या विद्यार्थिनीला स्वतःचा प्रश्न सापडावा म्हणून गाइडने काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी अलीकडेच गाइड झाले आहे. माझी पहिली विद्यार्थिनी कोर्सवर्कमध्ये अव्वल होती. वाचन दांडगं, टिपणं नेटकी, सांगितलेलं काम वेळेआधी तयार. पण प्रत्येक भेट एकाच वाक्यावर संपते : "मॅडम, आता पुढे काय करू?" शोधनिबंधाचा सारांश विचारला की सुरेख सांगते. त्यात काय राहून गेलंय असं विचारलं, की गप्प.

पीएचडीच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बार्बरा लोविट्स यांनी नेमकं यावरच लिहिलंय. कोर्समध्ये प्रश्न दुसऱ्याने घातलेला असतो आणि त्याला उत्तर असतंच. संशोधनात प्रश्न आपणच घडवायचा, तो सुटण्याजोगा आहे का हेही आपणच ताडायचं. त्यामुळे एकात हुशार असलेला दुसऱ्यात अडखळू शकतो. पीएचडी अर्ध्यावर सोडणारे बुद्धीने कमी नसतात, एकटे पडणं त्यांना जास्त भोवतं, हेही त्यांनी २००१ साली मांडलं होतं. म्हणूनच "सोडून दे, आपोआप शिकेल" हा वरिष्ठांचा सल्ला मला पटत नाही. आधार द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा, हे मान्य. बांधकामाची परांची काढतात तसंच. पण भिंत कधी पक्की झाली, हे ओळखायचं कसं?

सध्या मी पुढचं काम सांगणं थांबवलंय. भेटीच्या आदल्या दिवशी तिच्याकडून एक पान मागते : काय केलं, कुठे अडलं, पुढे काय करावंसं वाटतं आणि का. बाकी सगळं नीट येतं, 'का'पुढे मात्र "तुम्ही मागे म्हणाला होतात म्हणून" असं असतं. एखादा छापून आलेला निष्कर्ष तिने स्वतः पुन्हा पडताळून पाहावा, असंही मनात आहे. दुसऱ्याच्या कामातल्या फटी तिथे हाताला लागतात आणि प्रश्न बहुधा तिथूनच निघतात, असं मला वाटतं. यात वेळ फार जातो, पण जाऊ दे.

ज्यांची पीएचडी झाली आहे त्यांना विचारायचंय : गाइडचं म्हणणं खोडून काढण्याचं बळ तुम्हाला पहिल्यांदा कशामुळे आलं? त्याआधी गाइडने काय केलं होतं, किंवा काय करायचं टाळलं होतं? आणि अनुभवी गाइड मंडळींनो, मसुद्यावर तुम्ही स्वतः दुरुस्त्या करता की नुसते प्रश्न लिहून परत देता? तिचं पहिलं प्रकरण माझ्या टेबलावर आलंय, त्यामुळे हे आधी कळलं तर फार बरं होईल.