शब्दचर्चा : ऑपेराला मराठीत काय म्हणावे? संगीत नाटक, संगीतिका की ऑपेराच?

विश्रामबाग
ऑपेराकडे, म्हणजे युरोपातल्या गायनप्रधान नाट्यप्रकाराकडे, अभ्यासक कोणत्या बाजूंनी पाहतात आणि समाजात त्याची जागा काय होती, यावरचा एक लेख सांगलीतल्या नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणायचा आहे. पहिल्या खर्ड्यात ऑपेरा = संगीत नाटक, लिब्रेटो = संहिता, आरिया = पद, रेसिटेटिव्ह = गद्य, ओव्हर्चर = नांदी, म्युझिकॉलॉजी = संगीतशास्त्र असे धरले आहे. कुठे चुकते ते सांगा.

हरिपूर-संगम
आरिया सोडून बहुतेक सगळीकडे चुकते.

नांदी आधी काढा. नांदीला शब्द असतात, देवतेचे स्तवन असते आणि ती गायली जाते. ओव्हर्चरमध्ये गळाच नसतो, फक्त वाद्यवृंद. 'पूर्ववादन' म्हणा, कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

रेसिटेटिव्हला गद्य म्हणणे तर उलटा अर्थ झाला, कारण ते गायलेच जाते. बोलण्याच्या ओघात, ठराविक ठेका न धरता, सूर शब्दांमागे जातो. साध्या प्रकारात साथीला हार्प्सिकॉर्ड हे पट्ट्यांचे तंतुवाद्य आणि खालचा सूर धरायला चेलो, एवढेच. कथा रेसिटेटिव्हमध्ये पुढे सरकते, आरियात थांबते आणि पात्र एकाच भावनेत रमते. जुन्या आरियात पहिला भाग, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, आणि परतताना गायकाने त्यावर आपल्या हरकती चढवायच्या. ध्रुवपदावर परत येण्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळते.

तंबोरा-मिरज
रेसिटेटिव्हच्या जवळ आपल्याकडे साकी-दिंडी येते ना? कथानक सांगायचे काम किर्लोस्कर, देवल तिच्याकडूनच करून घेतात.

हरिपूर-संगम
काम तेच, घडण वेगळी. साकीचा चरण २८ मात्रांचा, १६ वर यती, म्हणजे विराम. दिंडीचा १९ मात्रांचा, ९ वर यती. चाल ठरलेली, प्रत्येक कडव्याला तीच. रेसिटेटिव्हला असा साचा नसतो, दर ओळीचा सूर नवा. म्हणून 'पठणगायन' असा जोडशब्द करावा आणि साकी-दिंडीची तुलना तळटीपेत द्यावी. मजकुरात 'साकी' लिहिले तर विद्यार्थी मोझार्टमध्ये २८ मात्रा मोजत बसेल.

गणपती-पेठ
मूळ शब्दाचं काय ते बोला की. सगळं गायलं तर ऑपेरा आणि मधे बोललं तर संगीत नाटक, एवढं सोपं आहे.

हरिपूर-संगम
तेवढे सोपे नाही, राव. 'कारमेन' १८७५ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा त्यात बोललेले संवाद होते. त्याचा संगीतकार बिझे गेल्यावर गिरो याने त्या जागी पठणगायन घातले. मोझार्टच्या १७९१ च्या 'जादूची बासरी'तही पात्रे बोलतात. तुमच्या व्याख्येने हे दोन्ही बाद! शिवाय सुरुवातीच्या काळात 'ऑपेरा' हे नावच पक्के नव्हते. इटालियनमध्ये त्याचा अर्थ नुसता 'काम, कृती'. माँतेव्हेर्दीच्या १६०७ च्या 'ऑर्फेओ'वर 'संगीतातील कथा' अशा अर्थाचे शब्द आहेत. आपल्या 'संगीत सौभद्र'मधला 'संगीत' असाच, नावाआधी लावलेली पाटी.

तंबोरा-मिरज
मग खरा फरक कशात?

हरिपूर-संगम
कृती कोणाची मानतात यात. संगीताचे अभ्यासक जोसेफ कर्मन यांनी १९५६ मध्ये ठामपणे मांडले की ऑपेरातला नाटककार म्हणजे संगीतकारच. लोकही तसेच बोलतात : व्हर्दीचा ऑपेरा, मोझार्टचा ऑपेरा. मोझार्टच्या 'फिगारो'चे शब्द लोरेंझो दा पोंते याचे, पण तिकीट काढताना ते कोण विचारतो? आता आपल्याकडे पाहा. शारदा देवलांचे, मानापमान खाडिलकरांचे. मानापमानच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, स्वयंवरच्या भास्करबुवा बखल्यांच्या, पण नाटकाला त्यांचे नाव लागत नाही. आणि प्रेक्षकाच्या आठवणीत ते नाटककाराचेही राहत नाही, बालगंधर्वांचे होते.

अभ्यासाची पद्धत यावरच बदलते. ऑपेराच्या अभ्यासकापुढे प्रत्येक वाद्याचा सूर लिहिलेली पूर्ण स्वरलिपी असते. संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल : अमुक' एवढेच. ती मूळ चीज ठाऊक नसेल तर पद मुके. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या, पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर अर्धा तास रंगलेले पद त्यात शोधू नये. स्वरलिपी वाचून नाट्य उलगडण्याची रीत शारदेला लावली तर हाती काही लागत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला की ही दरी झाकली जाते, माझा आक्षेप एवढाच.

विश्रामबाग
पटले. पण मग 'संगीतिका'?

तंबोरा-मिरज
आकाशवाणीमुळे तो शब्द रुळला : संपूर्ण गेय, छोटेखानी, बहुधा श्राव्य. वाग्नेरच्या चार-पाच तासांच्या ऑपेराला संगीतिका म्हणणे कानाला खटकते. युरोपातल्या प्रकाराला 'ऑपेरा'च ठेवा. मराठीत कोणी अथपासून इतिपर्यंत गायलेले नाटक नव्याने लिहिले तर त्याला संगीतिका म्हणू.

गणपती-पेठ
आणि विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं सीतास्वयंवर? इथं सांगलीत त्याला 'मराठीतला पहिला ऑपेरा' म्हणणारे भेटतात.

हरिपूर-संगम
कौतुक म्हणून ठीक, वर्णन म्हणून नाही. त्या खेळात सगळ्यांची पदे सूत्रधार गातो, पात्रे अभिनय करतात आणि नंतर आपले भाषण ऐनवेळी रचतात. ऑपेरात पात्र स्वतः गाते. ऑपेराच्या अभ्यासक कॅरोलिन ॲबेट यांनी १९९१ मध्ये याच जागेवर बोट ठेवले : पात्राला आपण गातोय हे ठाऊक असते का? कारमेन दुसऱ्या अंकात तिच्यावर भाळलेल्या होझेसमोर मुद्दाम गाऊन नाचते, ते गाणे दोघांनाही ऐकू येते. एरवी तीच पात्रे तासन्‌तास गातात आणि त्यांच्या लेखी ते बोलणेच असते. पहिल्याला 'कथेतले गाणे' आणि दुसऱ्याला 'गाण्यातले बोलणे' म्हणता येईल. भाव्यांच्या खेळात हा प्रश्न तिसऱ्याच ठिकाणी जातो, आणि त्यावर कोणीतरी नीट लिहायला हवे.

विश्रामबाग
समाजाच्या भागात तीन उदाहरणे घेतली आहेत : राजकारणासाठी कीचकवध, कायद्यासाठी शारदा, स्त्रीभूमिकांसाठी कास्त्राती (आवाज फुटू नये म्हणून लहानपणी खच्ची केलेले गायक) = स्त्रीपार्टी.

तंबोरा-मिरज
तिन्ही तपासा. कीचकवध गद्य नाटक आहे. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली हे खरे, पण संगीत नाटकाचा दाखला म्हणून ते चालणार नाही. त्याऐवजी टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेले संयुक्त मानापमान घ्या. ऑपेराच्या बाजूला ब्रसेल्स ठेवा. १८३० च्या ऑगस्टमध्ये एका ऑपेराच्या प्रयोगानंतर लोक रस्त्यावर उतरले, आणि नेदरलँड्सपासून बेल्जियम वेगळा होण्याची ती सुरुवात.

शारदा १८९९ चे. १९२९ च्या विवाहवयाच्या कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते हरबिलास सारडांच्या नावावरून. आपल्याकडे हा घोळ फार.

कास्त्राती इटलीत बहुतेक वीरनायक गात. हेंडेलचा १७२४ चा ज्युलियस सीझर असाच. पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचबंदी होती, तिथे मात्र ते नायिकाही होत. म्हणून सरसकट 'स्त्रीपार्टी' नको. आणि फ्रेंच लेखिका कॅथरीन क्लेमाँ यांचे १९७९ चे म्हणणे, की ऑपेरातल्या नायिका गात गात मरतात, ते आपल्याकडे ढकलताना जपून. 'एकच प्याला'तली सिंधू मरते, पण शारदा, सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी कोणी मरत नाही.

हरिपूर-संगम
'वन्समोअर' लेखात असेल तर एक भर. १७८६ च्या मे महिन्यात 'फिगारो'त इतक्या फर्माइशी झाल्या की सम्राट योसेफने हुकूम काढला : एकाहून जास्त गळ्यांचे गाणे पुन्हा घ्यायचे नाही. एकट्याच्या आरियाला मुभा राहिली. आपल्या मंडळ्यांनी असा हुकूम कितपत मानला असता, देव जाणे.

उरलेले पटकन. लिब्रेटो : 'संहिता' चालेल, पण मूळ अर्थ छोटे पुस्तक, प्रेक्षक ते विकत घेत, म्हणून पहिल्यांदा 'गेय संहिता' लिहा. इंप्रेसारिओ, म्हणजे ऑपेराचे प्रयोग उभे करणारा : नाटक मंडळीचा मालक नव्हे. मालक बिऱ्हाडासकट कंपनी पोसतो, हा एका हंगामापुरते गायक करारावर घेतो. 'हंगामाचा ठेकेदार' रांगडे वाटेल, पण अचूक आहे. म्युझिकॉलॉजी : 'संगीतशास्त्र' म्हटले की आपला वाचक राग-थाट समजतो. 'संगीतविद्या' घ्या.

गणपती-पेठ
ऑपेराच ठेवायचा ठरला, तर चालवायचा कसा? ऑपेराचा की ऑपेऱ्याचा?

तंबोरा-मिरज
कॅमेरा-कॅमेऱ्याचा-कॅमेरे ही वाट मोकळी आहेच. नियमाने ऑपेऱ्याचा आणि अनेकवचन ऑपेरे. पण छापील मराठीत 'ऑपेराचा' जास्त दिसते, त्यात गिरगावातल्या ऑपेरा हाउसचाही हात असावा, तिथे शब्द विशेषनामासारखा गोठला. दोन्हींपैकी एक निवडा आणि लेखभर तेच ठेवा. अनेकवचनाला 'ऑपेरे' अवघड वाटले तर 'दोन ऑपेरा' लिहा. पुल्लिंग मात्र सोडू नका.