मदत हवी आहे: रॅम ६००० ची घेऊ की महागातली ७२०० ची?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडतोय आणि रॅमपाशी येऊन गाडी अडकलीये. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन झालंय, मॉनिटर जुनाच, १०८०पी १४४ हर्ट्झवाला. खेळतो जास्त करून व्हॅलोरंट, आणि पोरगी झोपली की सायबरपंक.

दुकानदाराने बिलाच्या मागे दोन भाव खरडून दिलेत. दोन्ही डीडीआर५, १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, एक ६००० सीएल३६ (६००० हा स्पीड, सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती क्लॉक थांबायला लावते तो आकडा) आणि दुसरी ती लाइटवाली ७२०० सीएल३४, फरक पाच हजारांचा. वर म्हणतो, "साहेब, गेमिंगला स्पीड लागतोच, नंतर म्हणाल सांगितलं नाही." बायको म्हणते पाच हजारात जास्तीचं काय दिसणार ते आधी दाखव, आणि ते मला दाखवता येईना.

मी जो हिशोब मांडला तो असा, सीएल गुणिले २००० भागिले स्पीड म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारे नॅनोसेकंद, कमी तितकं चांगलं. ६००० सीएल३६ चे येतात १२, ७२०० सीएल३४ चे साधारण साडेनऊ. पण रायझनला म्हणे ६०००-६४०० च्या पुढे गेलं की प्रोसेसरमधला, रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर निम्म्या स्पीडवर येतो, मग कमावलेलं तिथेच गेलं ना? ऑनलाइन ६००० सीएल३० पण दिसतेय, बरोबर १० नॅनोसेकंद, सीएल३६ पेक्षा दीड हजार जास्त.

त्यात आमच्या मित्राची गंमत. वर्षभर "६००० ची रॅम, काय पळतंय" करत होता, परवा त्याच्याकडे टास्क मॅनेजर उघडला तर स्पीड ४८००! बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला पाकिटावरच्या स्पीडने चालवणारी सेटिंग) ऑनच केलं नव्हतं पठ्ठ्याने. तेव्हापासून डोक्यात किडा, की हा फरक डोळ्याला दिसतो तरी का. कोणी स्वतः बदलून बघितलंय का?

प्रतिसाद १: ७६०० ला ७२०० च्या भानगडीत पडू नका, स्टेबल चाललं तर चाललं नाहीतर रोज ब्लू स्क्रीन. सायबरपंकमध्ये सेटिंग वर नेलीत की आधी ४०६० दमणार, रॅम कितीही पळो. व्हॅलोरंट प्रोसेसरवर चालतो, तिथे फ्रेम वाढतील थोड्या, पण सेकंदाला १४४ च फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरवर ३०० काय नि ३२० काय. सीएल३० परवडत असेल तर घ्या, नाहीतर सीएल३६ ला पण काही धाड भरली नाहीये. लाइट हवीच असेल तर दिवाळीची माळ सोडा कॅबिनेटमध्ये.

प्रतिसाद २: +१. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा, शेजारीशेजारी लावू नका. आणि एक्स्पो ऑन करा बरं का, मित्रासारखं नको.

धागाकर्ता: सीएल३० आली, वाचलेल्या पैशात १ टीबीऐवजी २ टीबी एसएसडी बसली. आत्ताच जोडलं सगळं, पंखे फिरताहेत पण चार मिनिटं झाली स्क्रीन काळीच. रॅम गेली का??

प्रतिसाद २: मेमरी ट्रेनिंग चालू असेल हो, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असेल, डीडीआर५ पहिल्या बूटला वेळ खाते. बटण दाबू नका, चहा टाका.

धागाकर्ता: आला लोगो. चहा उतू गेला.