मदत हवी आहे: लिफ्ट किट बसवल्यावर पुढून टक्क आवाज

मुरबाडकर७
मंडळी, गाडीला लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) बसवून घेतली. तेव्हापासून स्पीडब्रेकर उतरताना पुढून टक्क असा लोखंडी आवाज येतोय. चढताना नाही, उतरतानाच. स्टेअरिंगही डावीकडे ओढतंय. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब नवीन माल आहे, सेट होईल, थोडी चालवा." बोरिवलीहून कुर्ल्याला परत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. शनिवारी पहाटे माळशेजवरून जुन्नरला निघायचंय, आईबाबा सोबत आहेत. जाऊ की नको? जरा लवकर सांगा.

खडखडाट
गाडी कुठली ते तरी लिहा की राव. किट कुठली, किती इंच?

मुरबाडकर७
इसुझूची व्ही-क्रॉस, पिकअप. डिझेल, २०१९, रंग पांढरा. किट दोन इंची, ऑस्ट्रेलियन. आवाजाचं सांगा.

पाटेवाला
मागे एक पाटा (पट्टीची स्प्रिंग) वाढवून घ्या, सगळे आवाज बंद. माझ्या कॅम्परला केलंय, भिवंडीहून माल भरून आणतो, हूं नाही की चूं नाही.

खडखडाट
पाटेवाले, आवाज पुढून येतोय. व्ही-क्रॉसला पुढे पाटे नसतातच, डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वरचा-खालचा असे दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग असते. पाटा कुठे, बंपरला वाढवू का?

पाटेवाला
पुढचं मागचं सगळं एकाच चासीला जोडलेलं असतं. अनुभव बोलतोय.

नियमावली
मुळात हे करायलाच नको होतं. मोटार वाहन कायदा, कलम ५२. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. वर कलम १८२अ(४): प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसांनी अडवलं तर आवाजाचं काय घेऊन बसलात.

रानवाटा
निकाल नीट वाचा. आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या गोष्टींशी विसंगत बदल करू नका, असं आहे. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना दाखवा मला.

नियमावली
अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर येतो ना, त्याला दाखवा तुमचा रकाना. कंपनीला कळवलंत का किट बसवल्याचं?

मुरबाडकर७
अहो प्रश्न आवाजाचा आहे.

अनघा_क
मुरबाडकर, तीन गोष्टी सांगा. १) शॉकअप नवे की जुने? २) स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकलाय का, आणि असेल तर स्प्रिंगवर की शॉकअपच्या टोपीवर? ३) किट बसवल्यावर मशीनवर अलाइनमेंट केलं का?

मुरबाडकर७
शॉकअप कंपनीचेच ठेवले. चाळीस हजारच चाललेत, गळती नाही, कशाला बदलायचे. स्पेसर नाही. फक्त पुढच्या स्प्रिंगा आणि मागचे पाटे. अलाइनमेंट त्याने सुतळी लावून केलं.

खडखडाट
सुतळी! सत्यनारायणच घालायचा ना सोबत.

अनघा_क
मग ओढतंय त्यात नवल नाही. पुढची बाजू उचलली की चाकांचे कॅम्बर, कास्टर, टो हे तिन्ही कोन हलतात. सुतळीने फार तर टो दिसतो. कॅम्बर-कास्टर मशीनवरच, खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर लावावे लागतात.

आता आवाज. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. मग गाडी चासीखाली जॅक लावून उचला, खालच्या आर्मखाली नव्हे. घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय खाली डोकावू नका. चाक लोंबलं की तेच माप पुन्हा घ्या. दोन्ही आकडे इथे टाका.

रानवाटा
एवढं मोजमाप कशाला? शॉकअपच्या टोपीवर २५ मिमीचा स्पेसर टाका. दीड-दोन हजारात काम. मी स्वतः वापरतोय.

खडखडाट
आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट? टोपीवर स्पेसर टाकला की लोंबलेलं चाक आणखी खाली जातं, सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो. तुमचे बूट कधी पाहिलेत?

रानवाटा
माझे बूट बाटाचे आहेत, छान आहेत.

कुर्ला_पश्चिम
गॅरेजचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा ना. मलाही किट बसवायची आहे.

खडखडाट
वरचा धागा वाचलात का आपण?

ताई_गिअरवाली
अवांतर: आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. एकाने गाडी उंच केली, आता ती वरच्या पाटाखाली मावत नाही. सेक्रेटरी म्हणतात बाहेर लावा, तो म्हणतो पार्किंगचे पैसे मोजलेत. दोन जनरल बॉडी त्यातच गेल्या. मुरबाडकर, तुमची मावते का?

मुरबाडकर७
उघड्यावर लावतो. मापं घेतली. उभी असताना उजवीकडे ५४ सेंमी, डावीकडे साडेत्रेपन्न. लोंबल्यावर दोन्हीकडे ५६च्या आतबाहेर.

अनघा_क
म्हणजे उभ्या गाडीतच शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला आहे. ब्रेकर उतरताना किंवा खड्ड्यावरून जाताना चाकाला खाली जायला जागा हवी. तुमच्याकडे जेमतेम दोन सेंमी उरली. दांडा शॉकअपच्या आतल्या थांब्यावर आदळतो, तोच टक्क. चालवून हे सेट होत नाही, शॉकअप मात्र आतून बाद होतो. दोन इंची स्प्रिंगेला जास्त लांबीचाच शॉकअप लागतो.

तरी दोन इंचांनी एवढं ताणायला नको होतं. स्प्रिंगा कुठल्या वजनाच्या आहेत? बिल पाहा. एकाच गाडीला 'बंपर कंपनीचा' आणि 'बुलबार-विंचसकट' (पुढे लोखंडी गार्ड आणि दोर ओढायचं यंत्र) अशा वेगवेगळ्या स्प्रिंगा मिळतात.

मुरबाडकर७
बिलावर "बुलबारसह" लिहिलंय. पण माझ्या गाडीला बुलबार नाहीच!

खडखडाट
सापडला चोर.

नियमावली
बुलबारवर डिसेंबर २०१७ पासून केंद्राचं परिपत्रक आहे, लावता येत नाही. तरी त्याच्या स्प्रिंगा विकतात, म्हणजे कमाल झाली.

अनघा_क
यावेळी नियमावलींशी सहमत. नसलेल्या लोखंडाचं वजन धरून ती स्प्रिंग घडवली आहे, म्हणून गाडी दोन इंचांहून जास्त उचलली गेली. हलक्या वजनाच्या स्प्रिंगा मागा आणि जोडीचे शॉकअप घ्या. अर्धी किट म्हणजे रोगापेक्षा औषध भारी.

मेकॅनिकजवळ उभं राहून एक गोष्ट बघा. खालच्या आर्मचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच पक्के आवळायचे. जॅकवर आवळले की आतला रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो, कुरकुरतो आणि लवकर फाटतो. मागचे पाटे धरणारे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. आणि मागच्या ॲक्सलवर ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीला लावून घ्या. मागची बाजू उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी पोहोचतो. आईबाबांना घेऊन माळशेज उतरताना हे नको.

शनिवारी ही गाडी नेऊ नका.

रानवाटा
स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो, घरी करता येईल. मी एकदा दोरखंड बांधून…

अनघा_क
दोरखंड अजिबात नको! दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल. हे काम स्प्रिंग दाबायचा प्रेस असलेल्या गॅरेजातच.

मुरबाडकर७
गॅरेजवाल्याला मापं आणि बिलाचा फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. शनिवारी मेहुण्याची वॅगनआर घेतोय. बोरिवली ते ठाणे पट्ट्यात प्रेस असलेला आणि मशीनवर अलाइनमेंट करणारा कुणी माहीत आहे का? कुर्ला सोडून.

पाटेवाला
मागचे पाटे बदलले म्हणालात. जुने काय केलेत? मला हवेत.