मदत हवी आहे: शेव्हालिए द सँ-जॉर्जबद्दल

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात माझा नंबर लागलाय आणि विषय घेतलाय जोसेफ बोलोन्य, म्हणजेच शेव्हालिए द सँ-जॉर्ज (शेव्हालिए हा फ्रेंच सरदारी किताब). १७४५ चा जन्म, कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर, वडील फ्रेंच मळेवाले आणि आई नानों त्यांच्याकडचीच आफ्रिकन वंशाची गुलाम. पुढे हाच पोरगा पॅरिसमधला नावाजलेला तलवारबाज, व्हायोलिनवादक, संगीतकार, सगळंच! १७७६ मध्ये पॅरिसच्या ऑपेराचा, म्हणजे तिथल्या संगीतनाटकांच्या संस्थेचा, प्रमुख म्हणून याचं नाव पुढे आलं तर काही गायिकांनी थेट राणीकडे अर्ज केला, की आम्ही मिश्र वर्णाच्या माणसाच्या हाताखाली काम करणार नाही. झालं, पद हुकलं. त्याला सरसकट 'काळा मोझार्ट' म्हणतात ते मला तरी डोक्यात जातं, मोझार्ट दहा वर्षांनी धाकटा होता हो.

तर अडलंय कुठे, तर ऐकवायला काय घेऊ? पाश्चात्य संगीतातलं मला ढ म्हटलं तरी चालेल, समोर बसणारेही नाट्यगीतवालेच, त्यामुळे पाचेक मिनिटांत पकड घेईल असा व्हायोलिन कॉन्चेर्टोचा (एक व्हायोलिन पुढे, वाद्यवृंद साथीला) तुकडा कुणीतरी सुचवा. १७८७ ची लंडनची ती तलवारबाजीची लढत तर सांगणारच आहे, समोर फ्रेंच मुत्सद्दी आणि हेर शेव्हालिए देऑं बायकी पोशाखात, हातात तलवार. आणि फ्रेंच क्रांतीच्या वेळी सँ-जॉर्जच्या पलटणीत 'थ्री मस्केटियर्स' लिहिणाऱ्या द्युमाचे वडील होते, तेही आफ्रिकन वंशाचे, ते याच भाषणात घेऊ की वेगळं ठेवू? मराठीत काही वाचायला असेल तर प्लीज टाका.