मदत हवी आहे: मधमाश्यांच्या बंद ब्रूडमध्ये (कोष असलेल्या झाकलेल्या घरांत) मधेमधे उघडी घरं, राणी बदलावी का?

मेणघर:
मेलिफेरा (युरोपीय) माश्यांच्या दोन पेट्यांत बंद ब्रूडमध्ये अधूनमधून उघडी घरं आहेत, आत पांढऱ्या कोषांची डोकी दिसतात. कामकरी माश्या वरोआ (कोषांवर जगणारी माइट, म्हणजे बारीक परजीवी) लागलेलं घर वासावरून ओळखतात म्हणे. हे तेच काम आहे की राणी कमकुवत, कसं ठरवायचं? चाचणीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्रव नायट्रोजन मिळू शकतो.

रानजांभूळ:
राणीला इतक्यात हात लावू नका. आधी घरं कशी पसरलीत ते बघा. सरळ रेघेत असतील तर खालून मेणकिडा गेलाय. झाकण काळपट, खचलेलं आणि काडी घालून ओढली की तार सुटत असेल तर फाउलब्रूड (ब्रूड कुजवणारा संसर्गजन्य रोग). ती चौकट दुसऱ्या पेटीत मुळीच घालू नका. विखुरलेली, कडा कुरतडलेली असतील तर चिमट्याने कोष अलगद ओढून बॅटरीच्या उजेडात घर तपासा. तांबूस-तपकिरी माइट आणि भिंतीवर तिच्या विष्ठेचे पांढरे ठिपके दिसले की वरोआच.

वासाचं म्हणाल तर, घर बंद झाल्यावर साधारण ७० तासांनी माइट पहिलं अंडं घालते. तोवर तिने कोषाला जखम केलेली असते आणि त्याच्या अंगावरच्या मेणकट द्रव्यांचं प्रमाण बदलू लागतं. ही द्रव्यं जड, फार लांब उडत नाहीत. म्हणून माशीला झाकणाशी मिशा नेऊनच वास घ्यावा लागतो. मग झाकण फोडून कोष बाहेर काढतात. मोठी माइट बरेचदा निसटते, पण तिची पिल्लं घराबाहेर जगत नाहीत. कधी झाकण पुन्हा बंदही करतात. ते आतून पाहिलं तर रेशमी अस्तरात मेणाचा डाग दिसतो.

तळपाट:
नायट्रोजन मिळत असेल तर टाचणीच्या चाचणीपेक्षा तो बरा. दोन्हीत कोष मारून माश्या किती घरं साफ करतात ते मोजतात. टाचणीने कोषातला रस सांडतो, त्या वासाने आळशी वसाहतही घर साफ करते. बंद ब्रूडवर ७.५ सेंमी व्यासाचा पाइप दाबून बसवा. आतली रिकामी घरं आधीच मोजा. थोडा नायट्रोजन ओतून कड गोठू द्या, मग उरलेला. एकूण ३०० मिली. कड न गोठवता एकदम ओतला तर खालून गळतो. जाड हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. पाइप आपोआप सुटेपर्यंत ओढू नका. चौकट परत ठेवून बरोबर २४ तासांनी मोजा. पूर्ण रिकामं झालेलं घरच धरायचं, नुसतं उघडलेलं नाही. चाचणी दोनदा घ्या. दोन्ही खेपेस गोठवलेल्या कोषांपैकी ९५ टक्के किंवा जास्त साफ झाले तर वसाहत स्वच्छताप्रिय.

पण मेलेल्या कोषाचा वास वेगळा, जिवंत कोषावरच्या माइटचा वेगळा. त्यामुळे माइटही मोजा: राणी नाही याची खात्री करून ब्रूडच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीच्या बरणीत घ्या, दोन चमचे पिठीसाखर टाकून घोळवा, दोन मिनिटांनी पांढऱ्या ताटात जोरात झटका. ९ माइट म्हणजे ३ टक्के, तिथे उपचार टाळू नका. दमट हवेत साखर गोळा होते आणि आकडा खोटा कमी येतो.

मेणघर:
एका पेटीत वरोआसाठी नुकतंच फॉर्मिक ॲसिड लावलंय.

तळपाट:
मग तिथली उघडी घरं आत्ता धरू नका. ॲसिडच्या वाफेनेही ब्रूड मरतं आणि माश्या ते काढतात. नवं ब्रूड बंद झाल्यावर चाचणी घ्या.

रानजांभूळ:
सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेट्या असतील तर हा हिशोब लागू नाही. तिथे वरोआ जवळपास फक्त नरांच्या घरात वाढते.