४४ निबंध, एकच शेवट: यंत्राशी बोलता बोलता आपला विचार साच्यात बसतो आहे काय?

महालातला मास्तर

गेल्या महिन्यात नागपुरातील एका आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेचे परीक्षण मी आणि एका सहकारी बाईंनी मिळून केले. विषय होता 'माझ्या ओळखीचा बाजार' आणि निबंध घरून लिहून आणायचे होते. ४४ निबंध आले. त्यांपैकी ३१ निबंधांचा शेवट 'परंपरा आणि आधुनिकता यांचा समतोल साधणे ही काळाची गरज आहे' या वाक्याने किंवा त्याच्या एखाद्या सख्ख्या भावंडाने झाला होता. कोणी इतवारीवर लिहिले, कोणी बुधवार बाजारावर, कोणी गोकुळपेठेतल्या भाजीबाजारावर. पण सगळीकडे तीच 'रंगांची उधळण', तोच 'मसाल्यांचा दरवळ' आणि तेच 'माणुसकीचे धागे'. एकाही मुलाने कशाचा भाव विचारला नव्हता, घासाघीस केली नव्हती, की मे महिन्यात दुपारी दोन वाजता इतवारीत गेल्यावर डोक्याला दुपट्टा बांधावा लागतो हे नोंदवले नव्हते.

निबंधांत व्याकरणाच्या चुका जवळजवळ नव्हत्या, आणि मला त्याचीच अधिक धास्ती वाटली. आतापर्यंत विचाराचा कच्चा खर्डा ज्याचा त्याचा असे. तो वेडावाकडा असायचा, मध्येच अडायचा आणि त्या अडण्यातूनच आपल्याला नक्की काय म्हणायचे आहे ते उमगायचे. आता खर्डा चॅटजीपीटीसारख्या, माणसासारखे बोलणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून तयार होऊन येतो आणि आपण त्यावर नुसती सही करतो. २०२४ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लघुकथा लिहिणाऱ्यांना यंत्राने सुचवलेल्या कल्पना दिल्या, तेव्हा वाचकांना एकेक कथा अधिक सरस वाटली. परंतु सगळ्या कथा शेजारी शेजारी ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या झालेल्या आढळल्या. लिहिणाऱ्या प्रत्येकाचा फायदा आणि सगळ्यांचे मिळून नुकसान, असा हा व्यवहार आहे. यावर मंडळींचे काय मत आहे?

काटोल रोड

सर, आपला आदर ठेवूनच विरोध नोंदवतो. ही ३१ मुले दहा वर्षांपूर्वी काय लिहीत होती, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ती गाईडमधला निबंध पाठ करत होती आणि त्याचा शेवटसुद्धा 'काळाची गरज' असाच होत होता. यंत्राने हे वाक्य आमच्याकडूनच उचलले आहे. सभा-समारंभांतली भाषणे, अग्रलेख, शाळेच्या वार्षिकांकातली मनोगते हाच त्याचा शिधा. ज्या भाषेला आपण पन्नास वर्षे पैकीच्या पैकी गुण दिले, तीच भाषा ते परत वाढते आहे.

दुसरी बाजूही पाहावी. माझे काका काटोलजवळ संत्र्याची बाग करतात आणि त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. गेल्या वर्षी आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली, तेव्हा रात्री दहा वाजता त्यांनी मोबाईलवर बोलून प्रश्न विचारला. पाणी साचले आहे काय, पाने पिवळी पडली आहेत काय, गळलेल्या फळाचे देठ काळे आहे काय, असे तीन उलटप्रश्न त्यांना आले. त्यांनी बॅटरी घेऊन बागेत जाऊन देठ पाहिले. सकाळी कृषी सहायकाला फोन केला तेव्हा काय सांगायचे हे त्यांना नीट माहीत होते, आणि आयुष्यात प्रथमच समोरच्याने त्यांचे बोलणे मध्येच तोडले नाही. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, कापसाचीही आहे. पण तिथले ज्ञान आमच्या वावरापर्यंत यायला आजवर चार माणसे मध्ये लागत. ती साखळी आखूड झाली, तर त्याला संस्कृतीचा ऱ्हास कसे म्हणावे?

महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांची गोष्ट आपणच आम्हाला वर्गात सांगितली होती. पंथातल्याच केशिराजांनी संस्कृतात लिहू नये, कारण मग आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या त्याला मुकतील, असे ते म्हणाले होते. त्याच न्यायाने, माझ्या काकांशी मराठीत बोलणारे यंत्र मला परके वाटत नाही.

वकीलपेठ

काटोल रोड यांच्या काकांचा अनुभव मला खरा वाटतो. माझा अनुभव मात्र उलटा आहे.

माझ्या आईच्या हातची पुडाची वडी लिहून ठेवावी म्हणून मी तिचे बोलणे जसेच्या तसे टंकित केले आणि यंत्राला 'नीटनेटके करून दे' असे सांगितले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. आई म्हणाली होती, 'सांबार धुऊन, निथळून, बारीक चिरून घ्याचा.' परत आलेल्या पाककृतीत तूरडाळीचे सांबार शिजवून, गार करून सारणात मिसळायला सांगितले होते. हसून सोडून देण्यासारखी ही चूक आहे. मी दुरुस्ती सांगितल्यावर त्याने लगेच माफीही मागितली. पण त्या दुरुस्तीनंतर 'सांबार' हा शब्दच नाहीसा झाला. सगळीकडे 'कोथिंबीर' आली. 'घ्याचा'चे 'घ्यावी' झाले. 'थोडंसं खसखस भाजून राहिली की लगेच उतरव' या वाक्याचे 'खसखस मंद आचेवर खरपूस भाजून घ्यावी' असे झाले. माझी आई त्या कागदावर कुठेच उरली नाही.

या यंत्रांना ज्या मजकुरावर घडवले जाते, त्यात इंग्रजीचा वाटा प्रचंड, मराठीचा अगदी तोकडा आणि त्या तोकड्यातही छापील प्रमाण मराठी जास्त. आमची बोली लिहिली गेली ती मुख्यतः विनोदासाठी. तेव्हा यंत्र आमच्यासारखे बोलू लागलेच, तर ते नाटकातल्या नोकरासारखे बोलते. इंग्रजीतही हे घडतेच आहे. २०२२ नंतर वैद्यकीय शोधनिबंधांच्या गोषवाऱ्यांत 'डेल्व्ह' (खोलात शिरणे) या एरवी क्वचित दिसणाऱ्या क्रियापदाचा वापर एकाएकी वाढला आणि तो यंत्राच्या लकबीचा ठसा असल्याचे अभ्यासकांनी दाखवले. इंग्रजीसारख्या अवाढव्य भाषेवर दोन वर्षांत असा ठसा उमटत असेल, तर वऱ्हाडी-नागपुरीची काय कथा?

त्रिमूर्तीनगर

मी गणिताचे शिकवणी वर्ग घेतो, म्हणून भाषेचे सोडून 'विचार' या शब्दापुरते लिहितो.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे १००० विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावाची गणिते पुष्कळ चांगली सोडवली; पण चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, त्याच्याशिवाय शिकलेल्या मुलांपेक्षा त्यांना १७ टक्के कमी गुण पडले. त्याच प्रयोगात आणखी एक गट होता, ज्याचा चॅटबॉट उत्तर न देता फक्त दिशा दाखवत असे. त्या गटाचे हे नुकसान जवळजवळ झालेच नाही. आपल्याकडे या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग दोन्ही हातांनी वाटला जातो आणि दुसरा कोणी वाचत नाही.

माझ्या वर्गातही तेच दिसते. उत्तर मागणारा मुलगा मठ्ठ होतो, आणि 'माझी तिसरी पायरी कुठे चुकली' असे विचारणारा पुढे जातो. दुर्दैवाने पहिल्या जातीची मुले जास्त आहेत, कारण आम्ही पायऱ्यांना गुण दिले तरी पालक उत्तरच पाहतात.

सक्करदरा

माझा आक्षेप मास्तरांच्या आक्षेपाहून वेगळा आणि अधिक कडक आहे. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत जोसेफ वाइझेनबाउम यांनी एलायझा नावाचा संगणकी संवादक लिहिला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करत असे, याहून त्यात काही नव्हते. तरीही त्यांच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना वाइझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले. हा संवादक कसा घडला ते त्या बाईंनी कित्येक महिने जवळून पाहिले होते, आणि तरीही हे घडले. ऐकून घेणाऱ्याची भूक माणसाला इतकी असते.

आजची यंत्रे या भुकेला थाळी वाढतात आणि वर पुन्हा वाखाणणी करतात. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती थोड्याच दिवसांत मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला 'वा वा' करू लागली होती. कंपनीने तसे स्वतःच मान्य केले.

आमच्या चौकात पानठेल्यावर रोज रात्री वाद होतो. वेगळा विदर्भ, कापसाचा भाव, उमरेड रोडवरचे खड्डे. तिथे तुम्ही काहीही म्हणा, 'तुम्ही फार छान मुद्दा मांडलात' असे कोणी म्हणत नाही. 'काहीही काय बोलून राहिला बे' असेच म्हणतात, आणि घरी जाताना माणूस आपले म्हणणे पुन्हा एकदा तपासतो. ज्या मुलाला पंधराव्या वर्षापासून हांजी हांजी करणारा सोबती खिशात मिळाला, तो असा वाद सहन करील असे मला वाटत नाही.

काटोल रोड

सक्करदरा साहेब, पानठेल्यावर बायका किती येतात? माझ्या बहिणीला जे प्रश्न आपल्या भावालाही विचारता आले नाहीत, ते तिने यंत्राला विचारले. आणि ते नेहमीच हांजी हांजी करते असेही नाही. 'सायन्स'मध्ये २०२४ साली आलेल्या एका अभ्यासात कटकारस्थानांवर विश्वास ठेवणाऱ्या २००० हून अधिक लोकांशी यंत्राने पुराव्यानिशी वाद घातला, आणि त्यांचा तो विश्वास सरासरी २० टक्क्यांनी घटला; दोन महिन्यांनंतरही तो घटलेलाच होता. आपल्या ठेल्यावर आजवर कोणाचे मत बदलल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

महालातला मास्तर

बायकांचा मुद्दा मान्य. आमच्या कट्ट्यांचे दार अर्धेच उघडे होते, हे मी विसरलो होतो.

पण नागदेवाचार्यांचे नाव निघालेच आहे, तर म्हाइंभटांचेही काढू. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करताना त्यांनी माणसे शोधत पायपीट केली. एकाच प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी निघाली, तर त्यांनी तिसरे, गुळगुळीत आणि दोघांना पटेल असे निवेदन तयार केले नाही. कोणाची आठवण काय आहे ते त्यांच्या लीळाचरित्र या ग्रंथात वेगळे नोंदले गेले. तेराव्या शतकात रिद्धपुरात ही शिस्त होती. यंत्राला मी प्रश्न विचारतो तेव्हा हजारो माणसांचे म्हणणे एका आवाजात वितळून माझ्यापर्यंत येते, आणि कोणाचे काय ते मला कळत नाही. वकीलपेठ यांची आई त्या कागदावरून नाहीशी झाली ती याच रीतीने. काटोल रोड म्हणतात तसा लाभ मला नाकारायचा नाही. माझी मागणी एवढीच आहे की महाविद्यालयांनी निबंध वर्गात, हाताने आणि ओळखीच्या माणसाशी बोलून लिहून घ्यावेत.

वकीलपेठ

सर, एक विचारते. उरलेल्या १३ निबंधांत बोलीतला एखादा होता काय? आणि त्याला कितवे बक्षीस मिळाले?

महालातला मास्तर

होता. कॉटन मार्केटमध्ये पहाटे हमाली करणाऱ्या वडिलांवर एका मुलीने लिहिला होता. 'बाबा पोतं उचलून राहिले का मी तिकडं पाहत नाही' असे त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे.

काल रात्री मी गुणपत्रके पुन्हा काढून पाहिली. त्या निबंधाला आम्ही उत्तेजनार्थ बक्षीस दिले होते. पहिले बक्षीस त्या ३१ मधल्याच एकाला गेले. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे: 'आशय चांगला. भाषा प्रमाण नाही.'